टो रेटिंग ११,००० पौंड, तरी ७,६०० पौंडांचा ट्रेलर जड का जातो?

तुमच्या प्रश्नातली माहिती आधी एकदा मांडतो, म्हणजे पुढचे आकडे कुठून आले ते इतर वाचणाऱ्यांनाही कळेल. घरात चार माणसं, मुलं ११ आणि ८ वर्षांची. आवडलेला ट्रॅव्हल ट्रेलर ३० फुटी, बंक बेडवाला. ब्रोशरमध्ये त्याचं रिकामं वजन ५,९०० पौंड आणि जीव्हीडब्ल्यूआर, म्हणजे सगळं भरल्यावरची कमाल मर्यादा, ७,६०० पौंड. डीलरकडे एक वापरलेला हाफ-टन (एफ-१५० किंवा १५०० या हलक्या वर्गातला) क्रू कॅब, म्हणजे चार दारांचा, पिकअप बघून ठेवलाय. लेदर सीट, मोठं सनरूफ, बटणावर खाली येणाऱ्या पायऱ्या, आणि टो रेटिंग, म्हणजे ओढता येणाऱ्या ट्रेलरचं कमाल वजन, ११,००० पौंड. सेल्समन म्हणतो, आरामात ओढेल. तुम्ही विचारताय की हा घ्यावा, की सरळ त्याच्या वरच्या वर्गातला थ्री-क्वार्टर-टन, आणि तो घ्यायचा तर डिझेलच हवा का.

ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरचा फोटो जोडलात हे फार बरं केलंत. त्या फोटोतला १,४२० पौंड हा आकडाच उत्तर ठरवतो. तो आहे पेलोड, म्हणजे माणसं, सामान आणि ट्रेलरचं ट्रकवर टेकणारं वजन मिळून ट्रकवर चालणारं कमाल ओझं.

हा ट्रक हा ट्रेलर ओढेल, त्यात शंका नाही. इंजिनाला काही होणार नाही. तरीही या ट्रेलरसाठी हा ट्रक घेऊ नका, कारण ट्रेलर जोडून तुम्ही चौघं आत बसलात की ट्रकवर त्याच्या मर्यादेपेक्षा तीनशे पौंडांहून जास्त ओझं झालेलं असेल. मी बरीच वर्षं हिच, म्हणजे ट्रेलर ट्रकला जोडायचा सांधा, बसवून आणि जुळवून देण्याचं काम करतोय. समोर येणाऱ्या हाफ-टन जोड्यांमध्ये टो रेटिंग ओलांडलेला ट्रक क्वचित दिसतो. पेलोड ओलांडलेले मात्र सर्रास दिसतात, आणि बहुतेक मालकांना त्याचा पत्ताच नसतो.

आधी तो ११,०००चा आकडा येतो कुठून ते बघू. अमेरिकेत टो रेटिंग काढण्यासाठी एसएई या संस्थेची जे२८०७ नावाची पद्धत आहे. त्याआधी प्रत्येक कंपनी आपापल्या मापाने आकडा छापायची आणि तो दरवर्षी शेजारच्या कंपनीपेक्षा थोडा जास्त निघायचा. २०११च्या मॉडेलपासून टोयोटाने ही पद्धत आधी स्वीकारली, २०१५पर्यंत फोर्ड, जीएम आणि रॅमही आले. चाचणी सोपी नाही. ॲरिझोनातल्या डेव्हिस डॅमजवळचा स्टेट रूट ६८चा चढ, ११ मैलांहून थोडा लांब, बाहेर १०० अंश फॅरनहाइटच्या वरचं ऊन, एसी पूर्ण चालू, आणि ट्रकचा वेग ताशी ४० मैलांच्या खाली जाता कामा नये. त्यामुळे इंजिन, गिअरबॉक्स आणि कूलिंग यांच्याबद्दल हा आकडा खरं बोलतो.

पण त्यात गृहीत धरलेली माणसं दोनच असतात, प्रत्येकी १५० पौंडांची. मुलं नाहीत, कूलर नाही, सायकली नाहीत. ट्रेलरचं ट्रकवर टेकणारं वजन १० टक्के धरलेलं. शिवाय जाहिरातीतला मोठा आकडा त्या मॉडेलच्या एका ठरावीक जोडणीचा असतो: अमुक कॅब, अमुक इंजिन, अमुक ॲक्सल रेशो (ॲक्सलमधल्या गिअरचं प्रमाण), बहुधा कमी सजावटीची आवृत्ती, म्हणजे ट्रिम. तुमच्यासमोर उभा असलेला ट्रक तोच असेल असं नाही.

आता पिवळ्या-पांढऱ्या स्टिकरकडे या. टायरचं प्रेशर लिहिलेलं असतं तेच हे. त्यावर एक वाक्य असतं: माणसं आणि सामान मिळून वजन इतक्या किलो किंवा पौंडांपेक्षा कधीही जास्त नसावं. हा आकडा ब्रोशरमधला सरासरी नसतो. त्याच एका गाडीचा असतो, फॅक्टरीतून निघताना तिच्यात जे जे बसवलं होतं ते धरून. म्हणूनच दिसायला सारख्या दोन ट्रकांच्या स्टिकरमध्ये ४०० पौंडांचा फरक सहज सापडतो. सनरूफ, बटणावरच्या पायऱ्या, मोठी चाकं, गरम-गार होणाऱ्या सीट, फोर-व्हील ड्राइव्ह, सगळं या आकड्यातून वजा होत जातं. जितका महाग ट्रिम तितका पेलोड कमी, असं हाफ-टनमध्ये जवळजवळ नेहमीच दिसतं. डीलरने किंवा आधीच्या मालकाने नंतर बसवलेलं बेडचं (ट्रकच्या मागच्या उघड्या हौद्याचं) कव्हर, लायनर, टूलबॉक्स हे तर स्टिकरलाही ठाऊक नसतं, ते तुम्हीच वजा करायचं. भरलेल्या टाकीचं इंधन मात्र आधीच हिशेबात धरलेलं असतं, ते पुन्हा मोजू नका.

ड्रायव्हर स्वतः या आकड्यात येतो. हे सांगावं लागतं, कारण बरेच जण स्वतःला सोडून मोजतात.

आता तुमचा हिशेब. ट्रेलरचं वजन मी ब्रोशरवरचं रिकामं धरत नाही, जीव्हीडब्ल्यूआर धरतो. लोकांना हे जास्त वाटतं. पण ३० फुटी बंकहाउस, दोन मुलं आणि आठवड्याभराची सहल म्हटलं की रिकाम्या वजनावर हजार-दीड हजार पौंड कधी चढतात कळत नाही. भांडी, अंथरुणं, कपडे, किराणा, खुर्च्या, पाण्याचे आणि सांडपाण्याचे पाइप, चाकाखाली घालायचे ठोकळे. एका गॅलन पाण्याचं वजन ८.३४ पौंड, म्हणजे ४० गॅलनची टाकी भरून निघालात तर ३३४ पौंड तिथेच गेले. ब्रोशरच्या रिकाम्या वजनात बॅटरी आणि प्रोपेन बहुधा नसतातच.

ट्रॅव्हल ट्रेलरचं टंग वेट, म्हणजे हिचच्या बॉलवर टेकणारं वजन, एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के असावं लागतं. प्रत्यक्षात बहुतेक ट्रॅव्हल ट्रेलर १२-१३ टक्क्यांवर येतात, म्हणून मी १३ धरतो.

७,६००चे १३ टक्के म्हणजे ९८८ पौंड. वेट डिस्ट्रिब्युशन हिचचं (ती काय करते ते पुढे येतं) स्वतःचं वजन ९० धरू, ते लोखंड आहे आणि ट्रकलाच टांगलेलं आहे. तुम्ही दोघं आणि मुलं मिळून ४६०. बेडमध्ये सायकली, कूलर, हत्यारं, थोडं सरपण मिळून २००, आणि हा आकडा मी हात आखडून लिहिलाय. बेरीज १,७३८. स्टिकर म्हणतो १,४२०. जास्तीचे ३१८ पौंड.

हाच हिशेब उलटा करा. १,४२०मधून माणसं, सामान आणि हिच काढलं की टंग वेटसाठी उरतात ६७०. ते १३ टक्के असतील असा ट्रेलर भरलेल्या अवस्थेत साधारण ५,१५० पौंडांचा. म्हणजे अकरा हजारांची पाटी लावलेला ट्रक तुमच्या कुटुंबासाठी सव्वापाच हजारांचाही नाही. सेल्समन खोटं बोलला असं मी म्हणणार नाही. त्याला विचारलं ओढेल का, त्याने त्याचं उत्तर दिलं.

इथे कोणीतरी नक्की सुचवणार की ट्रेलरमधलं सामान मागे सरकवा, टंग वेट कमी होईल. कृपा करून हे करू नका. बैलगाडीत माल मागे जास्त भरला की गाडी उलळते आणि जू बैलांच्या मानेवरून उचललं जातं. ट्रेलरचंही तसंच होतं, फक्त ताशी ६० मैलांवर. टंग वेट १० टक्क्यांखाली गेलं की ट्रेलरची शेपटी डोलायला लागते. मोठा सेमी ट्रक बाजूने पुढे गेला, त्याच्या हवेने ट्रेलर आधी ढकलला आणि मग ओढला, की तो झोका थांबण्याऐवजी वाढत जातो. बहुतेक बंकहाउसमध्ये पुढच्या बाजूला मोठा आरपार कप्पा असतो, त्याच्याही पुढे दोन प्रोपेन सिलिंडर आणि बॅटऱ्या. ३० पौंडी दोन भरलेली सिलिंडर मिळून शंभराहून जास्त पौंड होतात, लेड-ॲसिड बॅटरी प्रत्येकी पन्नासेक. म्हणून ब्रोशरमध्ये ६५० लिहिलेलं टंग वेट काट्यावर ९०० निघतं, आणि तेच चांगलं. टंग वेट कमी करून ट्रक वाचवायचा नाही. टंग वेट पेलेल असा ट्रक घ्यायचा.

दुसरा सल्ला येईल एअर बॅगचा. मागच्या स्प्रिंगांजवळ हवेच्या पिशव्या बसवल्या की ट्रक सरळ उभा राहतो, दिसायला छान दिसतं. पेलोड त्याने एक पौंडही वाढत नाही. ॲक्सल तोच, चाकं तीच, ब्रेक तेच, फ्रेम तीच. उलट मागची बाजू वर आली की पुढच्या चाकांवरून उडालेलं वजन लपून जातं, आणि स्टिअरिंग हलकं पडलेलं असतानाही मालकाला सगळं ठीक वाटतं. मला या पिशव्यांचा राग नाही. पण पेलोड कमी पडतोय म्हणून त्या घेत असाल तर पैसे वाया जातील.

वेट डिस्ट्रिब्युशन हिच मात्र लागेलच, आणि ती नेमकं काय करते हे समजून घ्या. ट्रकच्या मागच्या टोकाला नऊशे पौंड टांगले की मागचा ॲक्सल दबतो आणि पुढचा उचलला जातो. पुढची चाकं हलकी म्हणजे वळणं आणि ब्रेक दोन्ही कमजोर. या हिचचे स्प्रिंग बार ताणले की त्यातला काही भार पुढच्या ॲक्सलवर परत येतो आणि थोडा ट्रेलरच्या चाकांवर जातो. किती परत आणायचा हे प्रत्येक कंपनीच्या मालक-पुस्तिकेत दिलेलं असतं, आणि ते सगळीकडे सारखं नाही. ट्रेलरच्या चाकांवर गेलेला भाग पेलोडमधून वजा करता येईल असं काही जण म्हणतात. तांत्रिकदृष्ट्या ते चूक नाही. मी तो भाग हिशेबात धरत नाही, हाताशी राखून ठेवतो. हिचमध्येच स्वे कंट्रोल, म्हणजे ट्रेलरचं डोलणं रोखायची सोय, असलेली घ्या; इक्वलायझर किंवा ब्लू ऑक्ससारख्या हिचमध्ये तो अंगचाच असतो, वेगळा दांडा लावावा लागत नाही.

ट्रकच्या मागे रिसीव्हरवरही, म्हणजे हिच जिच्यात अडकवतात त्या चौकोनी नळीवरही, एक स्टिकर असतो. वाकून वाचा. त्यावर दोन जोड्या असतात, वेट डिस्ट्रिब्युशनशिवाय आणि त्यासह. अनेक हाफ-टनांवर पहिली जोडी ५,००० पौंड ट्रेलर आणि ५०० पौंड टंग एवढीच असते. म्हणजे साधा बॉल लावून तुमचा ट्रेलर गल्लीच्या टोकापर्यंतही न्यायचा नाही.

मग कुठला ट्रक?

तुमच्या बेरजेनुसार स्टिकरवर निदान १,९०० हवेत. हाफ-टनमध्ये असे ट्रक मिळतात, फक्त ते डीलरच्या शोरूममध्ये पुढे उभे केलेले नसतात. मधला किंवा खालचा ट्रिम, कापडी सीट, सनरूफ नाही, शक्यतो टो पॅकेजसह. फोर्ड एफ-१५०मध्ये हेवी-ड्युटी पेलोड पॅकेज नावाचा प्रकार आहे, तो असेल तर आकडा बराच वर जातो, पण वापरलेल्यांमध्ये तो शोधावा लागतो. पद्धत एकच: फोनवर सेल्समनला दाराच्या स्टिकरचा फोटो पाठवायला सांगा, आकडा आवडला तरच बघायला जा. मॉडेलच्या नावावरून पेलोडचा अंदाज करू नका. २०१९नंतरच्या सिल्व्हराडोत दाराच्या चौकटीवर ट्रेलरिंगचं वेगळं लेबलही असतं, त्यात त्याच गाडीचा कमाल पेलोड, मागच्या ॲक्सलची मर्यादा, टंग वेट, सगळं एका जागी. बाकीच्यांनीही हे करायला हवं होतं.

मागच्या ॲक्सलची मर्यादा, म्हणजे रिअर जीएडब्ल्यूआर, वेगळी तपासा. पेलोड शिल्लक आणि मागचा ॲक्सल मात्र भरलेला, असं होतं, कारण टंग वेट आणि बेडमधलं सामान दोन्ही मागेच बसतं.

इंजिनाबद्दल लोक तासन् तास बोलतात. मी थोडक्यात आटोपतो. ७,६०० पौंडांसाठी आजचं कुठलंही मोठं व्ही८ किंवा फोर्डचं साडेतीन लिटर टर्बोवालं इकोबूस्ट पुरेसं आहे. फरक उंचीवर पडतो. टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद दर हजार फुटांना साधारण ३ टक्के घटते. कोलोरॅडोत आय-७०वर आयझेनहॉवर टनेल ११,१५८ फुटांवर आहे, तिथे पोचेपर्यंत अशा इंजिनाची जवळपास एक तृतीयांश ताकद गेलेली असते. टर्बोवाल्याचं नुकसान खूपच कमी. रॉकीजमध्ये वारंवार जाणार असाल तर टर्बो घ्या. मिडवेस्टच्या सपाट रस्त्यांवरच राहणार असाल तर साधं व्ही८ घेऊन सुखात रहा. मायलेज दोन्हींचं ट्रेलर जोडल्यावर निम्म्यावर येतं. गॅलनला नऊ ते अकरा मैल धरून चाला. इंधनाचा खप वजनामुळे कमी आणि ट्रेलरच्या त्या उंच सपाट तोंडावर आदळणाऱ्या वाऱ्यामुळे जास्त वाढतो. म्हणून टाकीचा आकारही बघा. २३-२४ गॅलनच्या टाकीवर दर दोनशे मैलांना ३० फुटी शेपूट घेऊन पंपात शिरावं लागतं, ३६ गॅलनवाल्याला अर्धा दिवस चिंता नाही.

ॲक्सल रेशो मात्र नक्की विचारा. रॅम १५००मध्ये त्याच हेमी इंजिनाला ३.२१ आणि ३.९२ असे दोन रेशो मिळायचे, आणि त्या एका फरकाने टो रेटिंग जवळपास ३,००० पौंडांनी बदलतं. बाहेरून दोन्ही ट्रक सारखेच. फोर्डमध्ये ३.५५ किंवा ३.७३ बघा. वापरलेल्या गाडीत मालकाच्या सांगण्यावर जाऊ नका, व्हीआयएनवरून, म्हणजे गाडीच्या ओळख क्रमांकावरून, बिल्ड शीट (फॅक्टरीत काय काय बसवलं त्याची यादी) काढा.

चढापेक्षा मला उताराची काळजी जास्त असते. चढावर ताकद कमी पडली तर तुम्ही हळू जाता, मागचा हॉर्न देतो, विषय संपला. त्याच टनेलमधून पश्चिमेला सिल्व्हरथॉर्नकडे उतरताना उतार ७ टक्क्यांपर्यंत आहे आणि बाजूला ब्रेक गेलेल्या ट्रकांसाठी रॅम्प बांधलेले आहेत, ते उगाच नाहीत. टो-हॉल मोड (ओझं ओढतानाची गिअरबॉक्सची सेटिंग) चालू करा, वर असतानाच गिअर खाली आणा, इंजिनाला गाडी धरू द्या. ब्रेकवर सतत पाय ठेवून उतरू नका. जोरात दाबा, वेग पाडा, सोडा. ट्रेलरच्या इलेक्ट्रिक ब्रेकसाठी ट्रकमध्ये ब्रेक कंट्रोलर लागतो. फॅक्टरीचा असेल तर उत्तम, नसेल तर प्रपोर्शनल प्रकारचा बसवून घ्या, म्हणजे ट्रक जितका जोरात थांबतो तितक्याच प्रमाणात ट्रेलरही थांबतो. त्यावर हाताने ट्रेलरचेच ब्रेक लावायची कळ असते. ती कुठे आहे हे अंधारातही सापडलं पाहिजे, कारण ट्रेलर डोलायला लागला तर ट्रकचा ब्रेक दाबायचा नसतो. ॲक्सिलरेटर सोडायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं आणि ती कळ हळूहळू लावायची. हे बायकोलाही शिकवा, ती चालवणार असेल तर.

व्हीलबेसही, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतरही, बघा. एफ-१५० क्रू कॅबला साडेपाच फुटी बेड असेल तर व्हीलबेस १४५ इंच, साडेसहा फुटी असेल तर १५७. जुना ठोकताळा असा: ११० इंचांना २० फुटी ट्रेलर, पुढे दर ४ इंचांना एक फूट. त्या मापाने १४५ इंचाला साधारण २८-२९ फूट येतात आणि १५७ला ३१-३२. या ठोकताळ्यामागे कुठली चाचणी नाही, त्यामुळे मी त्यावर निर्णय घेत नाही. पण आय-८०वर वायोमिंगमध्ये आडवा वारा सुटलेला असताना लांब ट्रक किती शांत चालतो हे ज्याने अनुभवलंय तो छोट्या बेडकडे परत वळत नाही. तुमचा गॅरेज किती खोल आहे ते मात्र आधी मोजा.

आता थ्री-क्वार्टर-टन, म्हणजे एफ-२५० किंवा २५००चा वर्ग. खरं सांगायचं तर ३० फूट आणि ७,६०० पौंड ही हाफ-टनची वरची हद्द आहे. योग्य हाफ-टन चालेल, पण दरवेळी सामान मोजून भरावं लागेल, आणि मुलं मोठी होणार आहेत. ११ वर्षांचा मुलगा चार-पाच वर्षांत दीडशे पौंडांचा होतो आणि मित्रालाही सोबत आणतो. मी तुमच्या जागी असतो तर गॅस, म्हणजे पेट्रोल, इंजिनाचा थ्री-क्वार्टर-टन घेतला असता. फोर्डचं ७.३ लिटर, जीएमचं ६.६, रॅमचं ६.४, यातलं जे चांगल्या स्थितीत आणि योग्य भावात मिळेल ते. तिघांचंही दुरुस्तीचं काम सरळ आहे. पेलोड बहुधा ३,०००च्या आसपास असतो, म्हणजे तुमची १,७३८ची बेरीज विसरून गेलात तरी चालेल. जाड फ्रेम, मोठे ब्रेक आणि जड भार पेलणारे लोड रेंज ईचे एलटी टायर आधीच असतात. किंमत तुम्ही बाकीचे दिवस मोजता: रिकामा चालवताना पाठीला खड्डे कळतात, खप जास्त, आणि शहरातल्या पार्किंग गॅरेजमध्ये उंचीची पाटी बघून थांबावं लागतं. हाच तुमचा रोज ऑफिसला जायचा एकमेव वाहनही असेल तर हा मुद्दा हलका समजू नका.

डिझेल लागत नाही. आणि इथे एक गंमत आहे जी महागात पडते. अनेक थ्री-क्वार्टर-टन मॉडेलांचं जीव्हीडब्ल्यूआर १०,००० पौंडांवर रोखलेलं असतं, कारण त्याच्या वर गाडी पुढच्या वजन-वर्गात जाते. डिझेल इंजिन आणि त्याचा गिअरबॉक्स गॅसपेक्षा कित्येक शे पौंड जड. मर्यादा तीच, गाडी जड, मग पेलोड कुठून राहणार? क्रू कॅब, फोर-व्हील ड्राइव्ह, महागडा ट्रिम आणि डिझेल असं सगळं एकत्र आलं की २५००चा पेलोड २,०००च्या आसपास, कधी त्याहून खाली येतो. दहा हजार डॉलर जास्त मोजून माणूस चांगल्या हाफ-टनाएवढा पेलोड घरी आणतो. डिझेलचा खरा फायदा एक्झॉस्ट ब्रेकचा. लांब उतारावर पाय ब्रेकवर न ठेवता गाडी खाली येते, ते सुख वेगळंच. वर्षातले अनेक महिने डोंगरात काढणार असाल किंवा पुढे जड फिफ्थ व्हीलचा, म्हणजे ट्रकच्या बेडमध्ये टेकणाऱ्या ट्रेलरचा, विचार असेल तर डिझेल घ्या. फिफ्थ व्हीलचं पिन वेट, म्हणजे ट्रकवर टेकणारं वजन, १५ ते २५ टक्के असतं, तेव्हा मात्र पेलोडचा हिशेब नव्याने करायचा, आणि बहुधा तो वन-टनवर, म्हणजे त्याच्याही वरच्या वर्गावर, जाऊन थांबतो. उन्हाळ्यातल्या चार सुट्ट्यांसाठी डीईएफ (डिझेलचा धूर साफ करायला वेगळं भरावं लागणारं द्रव), महाग फिल्टर आणि महाग दुरुस्ती कशाला गळ्यात बांधून घ्यायची?

इलेक्ट्रिक पिकअपबद्दलही तुम्ही जाता जाता विचारलंय. ओढण्याची ताकद भरपूर, रेंज निम्मी, आणि बहुतेक चार्जिंग स्टेशनांवर ट्रेलर सोडल्याशिवाय गाडी लागत नाही. मुलांबरोबरच्या लांब सहलींसाठी सध्या नको.

तिसरा मार्गही आहे आणि तो सगळ्यात स्वस्त: ट्रक हाच घ्या, ट्रेलर बदला. वर काढलेल्या आकड्यानुसार जीव्हीडब्ल्यूआर ५,०००च्या आत, २२-२४ फुटी बंक बेडवाले ट्रेलर मिळतात. जागा कमी, पण स्टेट पार्कच्या जुन्या साइट्सवर ३० फुटी ट्रेलर घुसत नाही तिथे हा घुसतो. फक्त क्रम लक्षात घ्या: ट्रक आधी घेतला की ट्रेलरची हद्द ठरते. ट्रेलर आधी पक्का केला तर ट्रक त्याच्या मापाने शोधता येतो. तुमचं अजून काहीच घेऊन झालेलं नाही, म्हणून हातात दोन्ही पर्याय आहेत.

जे घ्याल ते घ्या, पहिल्या सहलीआधी कॅट स्केलवर, म्हणजे ट्रकांच्या वजनकाट्यावर, जा. हायवेवरच्या मोठ्या ट्रक स्टॉपमध्ये असतो, पंधराएक डॉलर लागतात, आणि २४ तासांत पुन्हा वजन केलं तर त्याचे पैसे आणखी कमी. ट्रेलर सहलीला निघाल्यासारखा भरा, प्रोपेन आणि नेणार असाल तेवढं पाणी धरून, आणि चौघंही ट्रकमध्ये बसा. काट्याला वेगवेगळ्या पाट्या असतात: पुढचा ॲक्सल एकीवर, मागचा दुसरीवर, ट्रेलर तिसरीवर. पहिलं वजन बार ताणून. मग जरा बाजूला घेऊन बार सोडा आणि दुसरं वजन. मग ट्रेलर पार्किंगमध्ये ठेवून फक्त ट्रकचं तिसरं.

दुसऱ्या पावतीवरचे ट्रकचे दोन ॲक्सल मिळवा, त्यातून तिसऱ्या पावतीवरची ट्रकची बेरीज वजा करा. ते तुमचं खरं टंग वेट. त्यात दुसऱ्या पावतीवरचं ट्रेलरच्या चाकांचं वजन मिळवलं की ट्रेलरचं एकूण वजन येतं, आणि टक्केवारी काढता येते. पहिल्या पावतीवरची ट्रकची बेरीज त्याच्या जीव्हीडब्ल्यूआरच्या आत हवी, मागचा ॲक्सल त्याच्या स्वतःच्या मर्यादेच्या आत हवा. पुढचा ॲक्सल तीनही पावत्यांत ताडून बघा. पुस्तिकेत सांगितलंय तितकं वजन परत आलेलं नसेल तर हिचच्या डोक्याचा कोन किंवा बारच्या साखळीची कडी बदलून पुन्हा काट्यावर चढा. तीनही पावत्यांचे फोटो इथे टाका, मी आकडे बघून सांगतो.